स्मृतिभ्रंश झालेल्या घरातील दूरध्वनी

स्मृतिभ्रंशाविषयी सर्वसाधारण समजूत अशी असते की माणूस विसरू लागतो आणि विसरता विसरता सर्वच बाजूंनी सारखा दुबळा होत जातो. परंतु या आजाराच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांचा व समाजसेवकांचा अनुभव याहून वेगळा आहे. नुकतेच घडलेले ध्यानात ठेवण्याची शक्ती, म्हणजे जिला नजीकची स्मृती म्हणतात ती, बहुधा सर्वांत आधी क्षीण होते. तिच्या पाठोपाठ, क्वचित तिच्याही आधी, हिशेब जुळवणे, पर्यायांची तुलना करणे, समोरच्याच्या हेतूविषयी शंका घेणे आणि एकदा दिलेल्या नकारावर ठाम राहणे या मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित क्षमता, म्हणजेच कार्यकारी क्षमता, ढासळू लागतात. याउलट बोलण्यातील आर्जव, समोरच्याची विचारपूस, घंटी वाजली की फोन उचलण्याची सवय, आणि आपल्याला समजले नाही हे दुसऱ्याला कळू न देण्याचे कसब, या आयुष्यभर अंगवळणी पडलेल्या गोष्टी पुष्कळ काळ शाबूत राहतात. फोनवरून वस्तू किंवा योजना विकणाऱ्याला ग्राहकाकडून जे हवे असते ते या उरलेल्या गोष्टींत येते, आणि त्याच्यापासून बचाव करण्यासाठी जे लागते ते गमावलेल्या गोष्टींत. त्यामुळेच इतरांना जो कॉल केवळ दुपारची झोपमोड वाटतो तोच अशा घरात बचतीवर घाला ठरू शकतो.

भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन पाहणीचा भाग म्हणून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. यांतील पुष्कळांचे निदान झालेले नसते. वयोमानाने होणारच, असे म्हणून घरचे लोक दिवस ढकलतात, आणि पहिला इशारा डॉक्टरांच्या खोलीत नव्हे तर बँकेच्या काउंटरवर मिळतो: पासबुक भरून आणल्यावर त्यात ओळखीचा नसलेला हप्ता वजा झालेला दिसतो, किंवा कपाटात एकाच तेलाच्या न उघडलेल्या बाटल्या सापडतात. मानसिक क्षमतेच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी १९७५ पासून प्रचारात आहे; तीत तारीख विचारली जाते, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले जाते, तीन शब्द थोड्या वेळाने आठवायला सांगितले जातात. मात्र गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला नाही म्हणता येते का, हे तीत कोठेच विचारलेले नाही, आणि तिच्यात समाधानकारक गुण मिळवून घरी परतलेली व्यक्ती त्याच आठवड्यात फोनवरून दहा वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी घेते, असे घडते.

महाराष्ट्रातील शहरी घरांत येणाऱ्या अशा कॉलचे काही ठरावीक प्रकार कार्यकर्त्यांच्या परिचयाचे झाले आहेत. क्रेडिट कार्ड, कर्ज, जमिनीचे प्लॉट, सुट्ट्यांच्या क्लबचे सदस्यत्व, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा वार्षिक देखभालीचा करार, गुडघेदुखीचे तेल आणि साखर ‘मुळापासून’ घालवणारे औषध, ही यादी लांबवता येईल. पण सर्वांत खोल जखम विमा पॉलिसीच्या कॉलची असते. तिचे एक रूप असे की ठेवीपेक्षा जास्त व्याज देणारी योजना म्हणून विमा विकला जातो, आणि एकदाच भरायची रक्कम म्हणून जी सांगितली गेली ती प्रत्यक्षात दरवर्षी भरायचा हप्ता असल्याचे वर्षभराने उघड होते. दुसरे रूप याहून वाईट आहे. जुन्या, बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, तो सोडवून घ्यायचा तर आधी एक नवी पॉलिसी काढावी लागेल, असे सांगणारा आवाज कधी विमा कंपनीचे तर कधी थेट विमा नियामकाचे नाव घेतो. नियामक संस्था स्वतः कोणतीही पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही, अशा सूचना त्या संस्थेने वारंवार प्रसिद्ध केल्या आहेत. परंतु वर्तमानपत्रातील सूचना वाचून ती आठवणीत ठेवणे आणि नेमक्या क्षणी तिचा उपयोग करणे हेच ज्याला जमेनासे झाले आहे, त्याच्यापर्यंत ती पोचून न पोचल्यासारखीच असते.

या संभाषणांची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वी बहुतेक कॉल हिंदीतून येत आणि अनेक मराठी वृद्ध हिंदीत अडखळत असल्याने तो अडथळा नकळत संरक्षणाचे काम करी. आता ‘काका’ आणि ‘मावशी’ म्हणून शुद्ध मराठीत विचारपूस करणारे विक्रेतेही भेटतात. त्यांच्याकडे जुन्या पॉलिसीचा क्रमांक असतो, जन्मतारीख असते, कधी नातवाचे नावही असते, कारण ग्राहकांच्या माहितीच्या याद्या एका हातातून दुसऱ्या हातात विकल्या जातात, आणि एकदा होकार दिलेल्या व्यक्तीचे नाव अशा यादीत अधिक मोलाचे ठरते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला समोरचा माणूस आपल्याविषयी इतके जाणतो याचा संशय येण्याऐवजी दिलासा वाटतो. ज्याला आपल्या जुन्या कागदांची माहिती आहे तो आपला माणूस असला पाहिजे, असा तिचा तर्क असतो. स्वतःच्या विस्मरणाने धास्तावलेल्या माणसाचा हा तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही.

यानंतर येतो पडताळणीचा कॉल. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीकडून ग्राहकाला फोन करून अटी समजल्या आहेत का, हप्ता किती वर्षे भरायचा हे ठाऊक आहे का, असे प्रश्न विचारले जातात व उत्तरे ध्वनिमुद्रित केली जातात. गैरविक्री रोखण्यासाठी योजलेली ही पद्धत स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत नेमकी उलटी वळते, कारण अशा प्रश्नांना ‘हो’ म्हणणे हे त्या व्यक्तीच्या दृष्टीने आकलनाचे नव्हे तर सौजन्याचे उत्तर असते, आणि विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलेले असते की आता कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. पुढे कुटुंबीयांनी तक्रार केली की ध्वनिमुद्रणातील तो होकार पुराव्यादाखल त्यांच्यापुढे ठेवला जातो. अनुभवी कार्यकर्ते अशा वेळी निवडक अंशावर समाधान न मानता संपूर्ण ध्वनिमुद्रण लेखी मागण्याचा आग्रह धरतात. कारण संपूर्ण संभाषण ऐकले तर तोच प्रश्न पुन्हा विचारलेला, रकमेचा आकडा दोन ठिकाणी वेगळा सांगितलेला, मध्येच दिवंगत पतीला विचारून सांगते असे म्हटलेले ऐकू येते, आणि होकाराचा पुरावा म्हणून आणलेली वस्तू असमर्थतेचा पुरावा ठरू शकते.

सरकारी पातळीवर या उपद्रवाविरुद्ध उभी राहिलेली यंत्रणा लहान नाही, आणि तिची निंदा करणे सोपे असले तरी ती आधी समजून घेतली पाहिजे. विक्रीचे कॉल नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१० मध्ये तिच्या जागी ग्राहकाच्या पसंतीवर आधारित नियम आणले आणि २०१८ मध्ये ते संपूर्णपणे नव्याने लिहिले. आज कोणीही ग्राहक १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा ‘स्टार्ट ०’ असा संदेश पाठवून सर्व प्रचारात्मक कॉल बंद करण्याची पसंती नोंदवू शकतो. बँक-विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य अशा वेगवेगळ्या वर्गांपैकी काहीच बंद करण्याचीही सोय आहे. ज्याला बोलीभाषेत ‘डीएनडी’ म्हणतात ती हीच नोंद. नोंदणीकृत विक्रेत्यांच्या प्रचारात्मक कॉलसाठी १४० या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत, आणि बँका, विमा कंपन्या यांसारख्या वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी स्वतंत्र मालिका आली आहे, जेणेकरून क्रमांक पाहताच कॉलचा प्रकार ओळखता यावा. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली, आणि नोंदणी न केलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी पसंती नोंदवलेली असण्याची अटही काढून टाकली.

तरीही या साऱ्या रचनेच्या तळाशी एक गृहीतक आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात ते वारंवार उघडे पडते: ग्राहक लक्षात ठेवू शकतो, असे ते गृहीतक. तक्रारीसाठी कॉल आलेला क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय लागतो. दुपारी दोन वाजता झालेले संभाषण ज्याच्या मनातून तीन वाजता पुसले गेले आहे त्याला सात दिवसांची मुदत तीन दिवसांपेक्षा अधिक उदार वाटण्याचे कारण नाही. १४० आणि १६०० यांतील फरक पाठ करून तो घंटी वाजत असताना वापरणे ही तर निरोगी माणसालाही सहज न जमणारी गोष्ट आहे. शिवाय नोंदवहीतील पसंती ग्राहकाच्या स्वतंत्र संमतीने ओलांडता येते, आणि ही संमती मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे वृद्ध व्यक्तीकडून मोबाइलवर आलेला ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक अंक, वाचून घेणे. सर्वाधिक त्रासदायक कॉल तर साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकांवरून येतात. ते या व्यवस्थेच्या बाहेरूनच येत असल्याने त्यांना पसंतीच्या नोंदीने अडवता येत नाही, केवळ तक्रारीने मागाहून बंद पाडता येते. स्मृतीवरच आधारलेल्या संरक्षणाचा स्मृती गमावलेल्याला उपयोग नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती नियम करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली याचेच आश्चर्य वाटते. व्यक्तीच्या वतीने पसंती नोंदवणारा, तक्रार करणारा आणि संमती गोठवणारा दुसरा माणूस कायदेशीरपणे नेमण्याची सोय या नियमांत असती, तर पुष्कळ काही साधले असते.

ती नसल्यामुळे हे काम घरातच उभे करावे लागते, आणि घरातील काम म्हणजे प्रामुख्याने बाहेरची स्मृती तयार करण्याचे काम. फोनजवळ वही ठेवणे हा त्यातील जुना उपाय आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. आयुष्यभर हिशेबाची नोकरी केलेल्या एका गृहस्थांच्या घरी अशी वही फार नेटकेपणाने भरलेली आढळली. प्रत्येक कॉलची वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि सांगितलेली रक्कम सुवाच्य अक्षरांत नोंदलेली होती, आणि एकाच योजनेची चौकशी पानामागून पान नव्याने, जणू पहिल्यांदाच झाल्यासारखी लिहिलेली होती. लिहिण्याची सवय टिकली होती, मागचे पान वाचण्याची गेली होती. वही उपयोगी पडली ती मुलीला, जिने त्यातील क्रमांक घेऊन तक्रारी केल्या. म्हणजे वही वृद्धासाठी नसून ती वाचणाऱ्यासाठी असते, आणि ती दररोज कोण वाचणार हे आधी ठरलेले नसेल तर ती ठेवण्यात अर्थ नाही.

अनेक कुटुंबे पहिल्याच धक्क्यानंतर फोन काढून घेतात. या निर्णयामागील भीती समजण्यासारखी आहे, मात्र त्याचे परिणाम कार्यकर्त्यांना चांगले दिसलेले नाहीत. ज्या व्यक्तीचे बाहेर जाणे, स्वयंपाक, बँक आणि वाचन एकेक करून सुटले आहे तिच्या हातात फोन हे अजून आपले असलेले शेवटचे साधन असते. तो गेला की ती दिवसभर तो शोधत राहते, चोरीचा आळ घरकामाच्या मावशींवर घेते, आणि अडचणीच्या वेळी मदत मागण्याचा मार्गही बंद होतो. म्हणून फोन ठेवून त्याचे दार अरुंद करणे अधिक हिताचे ठरते. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये केवळ संपर्कयादीतील क्रमांकांचीच घंटी वाजेल आणि इतर सर्व कॉल आवाज न करता नोंदले जातील अशी व्यवस्था करता येते. ज्यांना स्पर्शपटल जमत नाही त्यांच्यासाठी छायाचित्र असलेल्या मोठ्या बटणांचे साधे फोन मिळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रमांकांची विभागणी. बँक, आधार, विमा आणि पेन्शन यांच्याशी जोडलेला जुना क्रमांक मुलाच्या किंवा मुलीच्या ताब्यातील फोनमध्ये ठेवावा आणि वृद्ध व्यक्तीला नवे सिमकार्ड द्यावे, म्हणजे जुन्या याद्यांवरून येणारे कॉल आणि ओटीपी दोन्ही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. हे करण्यापूर्वी तिच्याशी बोलणे, आणि ज्या बँकेत खाते आहे तेथे खुलेपणाने सांगणे, आवश्यक आहे. अन्यथा संरक्षण आणि कब्जा यांतील अंतर फार थोडे उरते, आणि भावंडांतील जुने वाद नेमके याच ठिकाणी पेट घेतात.

वृद्धाशी या विषयावर कसे बोलावे, याला तांत्रिक उपायांइतकेच महत्त्व आहे. ‘बाबा, सांगितलं होतं ना, असल्या फोनवर बोलू नका’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात उच्चारले जाते आणि कोठेच उपयोगी पडत नाही, कारण सांगितले होते हेच बाबांना आठवत नसते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमर झालेल्या व्यक्तींना दुःखद व आनंददायक चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते त्यांच्या स्मरणातून लवकरच गेले, परंतु त्यातून आलेले दुःख वा आनंद मागे रेंगाळत राहिला. ओरडा खाल्ल्याचे कारण विसरले जाते आणि अपमान तेवढा उरतो, हा घरोघरीचा अनुभव या निष्कर्षाशी जुळतो. याचा विक्रीच्या कॉलशी थेट संबंध आहे, कारण अपमानित वृद्ध पुढच्या वेळी झालेला व्यवहार लपवतो. पॉलिसीचा लिफाफा गादीखाली जातो, डिलिव्हरीच्या माणसाला पैसे देऊन खोका पलंगाखाली सरकवला जातो, आणि कुटुंबाला ज्या तीस दिवसांत काही करता आले असते ते तीस दिवस निघून जातात. याउलट ‘पैशाचं सगळं आता सुनीलच बघतो, त्याच्याशी बोला’ असे एक वाक्य, नाव अर्थात घरातले घालून, व्यक्तीकडून रोज सहज संभाषणात म्हणून घेतले तर ते सवयीच्या कप्प्यात जाऊन बसते, आणि सवय स्मृतीपेक्षा टिकाऊ असल्यामुळे विक्रेत्यासमोरही ते आपोआप बाहेर पडते. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच हे साधते. उशीर झाला की नाही.

वर उल्लेखिलेले तीस दिवस म्हणजे विमा पॉलिसी परत करण्याची मुदत, जिला फ्री-लुक म्हणतात. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून या काळात ती कारण न सांगताही परत करता येते आणि काही ठरावीक वजावट करून हप्ता परत मिळतो. दूरस्थ पद्धतीने विकलेल्या पॉलिसींनाच पूर्वी ३० दिवस मिळत, २०२४ च्या नियमांनी ही मुदत सर्वांसाठी तितकीच केली. मुदत उलटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे अर्ज, असा क्रम आहे. लोकपालाकडे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि महाराष्ट्रात मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी त्याची कार्यालये आहेत. तक्रारीसोबत मज्जाविकारतज्ज्ञाचे किंवा मनोविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडताना त्यावर निदानाची तारीख आणि लक्षणे केव्हापासून आहेत याचा उल्लेख असला पाहिजे, कारण प्रश्न आजचा नसून करार झाला त्या दिवसाचा असतो. मामला उघड फसवणुकीचा असेल, म्हणजे पैसे खोट्या नावाने वळते झाले असतील, तर मार्ग निराळा: १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तासाभराचाही विलंब न करता कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वीच ती गोठवता येते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या दृष्टीने विक्री आणि फसवणूक या दोहोंत फारसा भेद नसतो, पण कायद्याच्या दृष्टीने असतो, आणि विचित्र गोष्ट अशी की परवानाधारक कंपनीने कायदेशीर रीतीने विकलेल्या निरुपयोगी वस्तूचे पैसे परत मिळवणे पुष्कळदा अधिक जिकिरीचे ठरते.

कायद्याचा विचार थोडा विस्ताराने करणे भाग आहे, कारण येथेच कुटुंबांची सर्वांत मोठी निराशा होते. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ११ व १२ नुसार करार करणारी व्यक्ती सुजाण मनाची असली पाहिजे, म्हणजे करार करतेवेळी तो समजून घेण्यास आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याविषयी विवेकाने मत बनवण्यास ती समर्थ असली पाहिजे. कलम १६ मध्ये वर्चस्वाचा गैरवापर, ज्याला कायद्याच्या मराठीत गैरवाजवी प्रभाव म्हणतात, त्याची व्याख्या करताना वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेश यांमुळे जिची मानसिक क्षमता तात्पुरती वा कायमची बाधित झाली आहे अशा व्यक्तीशी केलेल्या कराराचा स्पष्ट उल्लेख आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या या शब्दांत आजच्या टेलिफोन विक्रीला लागू पडेल असे बरेच काही आहे, आणि तक्रारींत त्यांचा आधार आजच्याहून अधिक घेतला जावा असे कार्यकर्त्यांना वाटते.

परंतु त्याच अधिनियमाचे कलम २०१ कुटुंबांना अडचणीत टाकते. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती सुजाण मनाची राहिली नाही की त्या मुखत्यारपत्राचा अंमल संपतो, असे ते सांगते. म्हणजे वडिलांनी दूरदृष्टीने मुलीच्या नावे करून ठेवलेला कागद नेमका गरजेच्या वेळी निर्बल होतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार असमर्थता आल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवता येते, आणि लंडन-मँचेस्टरकडे स्थायिक झालेली मराठी मुले पुण्यातील आईवडिलांसाठी तसाच कागद करायला निघतात तेव्हा ही तफावत त्यांना प्रथम कळते. भारतात १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्याने उपचारांविषयीच्या निर्णयांसाठी आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी या चांगल्या संकल्पना आणल्या, मात्र मालमत्तेचा प्रश्न सोडून दिला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी असलेल्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची स्थानिक समिती आहे, पण स्मृतिभ्रंश त्या कक्षेत येत नाही. उरतो तो उच्च न्यायालयाकडे अर्ज करून पालक नेमून घेण्याचा मार्ग, आणि साडेतीन हजारांच्या तेलाच्या बाटल्यांसाठी कोणी उच्च न्यायालयात जात नाही.

म्हणून व्यवहारात भर द्यावा लागतो तो पैशाच्या वाटेवर. कॉल थांबवण्याच्या प्रयत्नांना कधीच पूर्ण यश येत नाही हे मान्य केले, तर एखादा कॉल पोचलाच तरी त्यातून होणारे नुकसान लहान राहील अशी मांडणी करता येते. खर्चासाठी वेगळे खाते उघडून त्यात दरमहा मर्यादित रक्कम जाईल अशी स्थायी सूचना द्यावी. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत त्याचे कार्ड व धनादेश-पुस्तिका वृद्धाच्या हाताशी ठेवू नये. कार्डावरील ऑनलाइन व्यवहार बंद करावे, जे आता बँकेच्या ॲपमधून करता येते. खात्यातून आपोआप वजा होणाऱ्या हप्त्यांच्या मंजुऱ्यांची यादी बँकेकडून दर तिमाहीला मागून पाहावी, कारण एकदा दिलेली अशी मंजुरी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात न येता चालू राहते. घरपोच पैसे देऊन घ्यायच्या पार्सलांसाठी सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवण्याचा उपाय फार साधा आहे आणि फार परिणामकारक. अमुक सदनिकेसाठी रोख रकमेचे पार्सल आले तर वर सोडण्याआधी मुलाला फोन करायचा, एवढी सूचना पुरते. या माणसाला दिवाळीची बक्षिशी थोडी सढळ द्यावी, हे ओघाने आलेच. वृद्धाच्या पाकिटात मात्र थोडे पैसे असलेच पाहिजेत. भाजीवाल्याला, देवळात, नातवंडाच्या हातावर ठेवायला पैसे नसणे ही मानहानी आहे, आणि ती टाळण्यासाठी महिन्याकाठी काही शे रुपये वाया गेले तरी ते वाया गेले असे मानू नये, असे मत या कामातील जाणती माणसे देतात.

या सर्व तजविजी नीट बसल्यावर काही आठवड्यांनी एक निराळी तक्रार पुढे येते, आणि तिची कल्पना कुटुंबाला आधी दिलेली नसेल तर सारे बिनसते. फोन वाजत नाही. ज्या आजींना दिवसाकाठी अनेक अनोळखी माणसे ‘कशा आहात’ विचारत होती, त्यांना आता कोणीच विचारत नाही. विक्रेत्याशी त्या वीस-वीस मिनिटे बोलत होत्या त्यात विकत घेण्याच्या इच्छेपेक्षा बोलण्याची इच्छा मोठी होती, हे यातून स्पष्ट होते. दुपारी दोन ते पाच ही वेळ सर्वांत कठीण, कारण घरातील कर्ते कामावर असतात, मावशींना डोळा लागलेला असतो, आणि अमेरिकेतील मुलांची तेव्हा रात्र किंवा पहाट असते. अशा वेळी रिकामा बसलेला माणूस फोन हातात घेऊन, आवाज न करता नोंदल्या गेलेल्या कॉलची यादी उघडतो आणि त्यातील पहिल्या क्रमांकाला उलट फोन लावतो. आत येणारे कॉल अडवणारी मांडणी बाहेर जाणाऱ्या कॉलपुढे हतबल असते, आणि स्वतःहून फोन करणारा ग्राहक मिळाल्यावर विक्रेत्याला ‘डीएनडी’चीही अडचण उरत नाही. त्यामुळे कॉलची यादी रोज संध्याकाळी पुसून टाकण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे लागते, जमल्यास बाहेर जाणारे कॉलही ठरावीक क्रमांकांपुरतेच ठेवता येतील असा फोन निवडावा लागतो, आणि त्याहूनही आधी दुपारच्या त्या तीन तासांत वृद्धाला फोन कोण करणार, याची वाटणी बहीण, भाचे, जुने शेजारी आणि निवृत्त सहकारी यांच्यात वारांनुसार करून घ्यावी लागते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर मार्गदर्शन मिळू शकते, पण बुधवारी दुपारी तीन वाजता कोणी फोन करायचा हे तेथून ठरवून मिळत नाही. ते घरच्यांनाच बसून ठरवावे लागते, आणि महिन्याभराने त्यातले दोघे गळाले की पुन्हा ठरवावे लागते.